गोल म्हणजे किती

खजुराच्या झावळीच्या बुडाशी काटे असतात. त्यातला एक माझ्या उजव्या अंगठ्यात गेला आणि त्या उन्हाळ्यात आमच्या घरातलं सगळंच उलटंपालटं झालं. काटा गेला तेव्हा मी नुसती एक शिवी हासडली आणि काम चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी अंगठा वांग्याएवढा झाला. दवाखान्यातल्या नर्सबाईनं तो चिरला, पू काढला, पट्टी गुंडाळली आणि वर सुनावलं, "महिनाभर ह्या हातानं भाकरीसुद्धा मोडायची न्हाई."

"मग खाऊ कसं?"

"बायको हाय न्हवं?"

बायको होती. पण बायकोला भाकरी भरवण्यापेक्षा मोठं काम पडलं होतं. आमचा धंदा फळांच्या पेट्यांचा. झावळीचा दांडा सोलायचा, सुऱ्यानं तुकडे करायचे, चार उभ्या खांबांना लोखंडी नळी आणि मोगरीनं भोकं पाडायची आणि त्या भोकांतून आडव्या काड्या ओवायच्या. खिळा नाही, दोरी नाही. भोक चुकलं की पेटी चुकली. खजुराचा व्यापारी हाज मुतवल्ली, त्याला सहाशे पेट्या हव्या होत्या, तांबडा खजूर झाडावर रंग धरायच्या आत. आमच्या रशीद शहराच्या बाजूला ज्याच्या पेट्या वेळेवर येत नाहीत त्याच्याकडे पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही.

भोकं पाडणं आजवर माझ्या एकट्याचं काम. आता ते नगातकडे गेलं. नगात म्हणजे माझी बायको, आणि नगात डावरी. जेवते उजव्या हातानं, कारण लहानपणी तिच्या आईनं डाव्या हातावर पळी मारून मारून तेवढं तरी शिकवलं. बाकी झाडू, सुरी, मोगरी, आणि प्रसंग पडला तर माझ्या अंगावर फेकायची चप्पल, सगळं डाव्या हातानं.

पहिल्या दिवशी तिनं चाळीस खांब भोकं पाडून रचले आणि मी जुन्या ढिगातले दोन आणि तिच्या ढिगातले दोन घेऊन सुंदुसला पेटी बांधायला दिली. पेटी उभी केली तर ती लंगडी. काड्या तिरप्या, एक बाजू वर, एक खाली.

"मेले, मेले माझे चाळीस खांब!" मी ओरडलो. "नगात, भोकं पाडतीस का गोळ्या झाडतीस?"

नगातनं मोगरी खाली ठेवली. "घ्या मग तुमची तुमी. अंगठा हाय का?"

सुंदुस आमची एकुलती एक, दहा वर्षांची. ती पायाच्या बोटांत खांब धरून बसली होती. भांडणाकडे न बघता तिनं आईचे दोन खांब उपसले, वरचं टोक खाली करून फिरवले, परत बसवले. पेटी सरळ झाली.

"बा, मा चुकली न्हाई," ती म्हणाली. "तुमी दाट भोकं उजव्या टोकाला पाडता, मा डाव्या टोकाला. खांब तसाच हाय. फकस्त फिरवायचा."

दाट भोकं तळाला लागतात, तिथं फळाचा भार असतो. तीस वर्षं हा धंदा केला, पण डावऱ्या माणसाचा खांब फक्त फिरवायचा असतो हे मला माहीत नव्हतं. मी "हं" म्हटलं. पोरीपुढे एवढंच म्हणणं बरं असतं.

अशी ही पोर गणितात नापास झाली होती.

का झाली हे मला पक्कं माहीत होतं आणि मी ते कुणाला सांगत नव्हतो. जर्दाळू आणि खरबुजाच्या हंगामात पेट्या कमी पडत होत्या, म्हणून मी तिला एक महिनाभर घरी बसवली. शाळेतून विचारणा आली तेव्हा ताप आलाय म्हणून सांगितलं. परीक्षेत तिला वीसपैकी सहा मिळाले. आता राहिली ती ऑगस्टमधली फेरपरीक्षा. तिच्यात पंधराच्या खाली मिळाले तर चौथी पुन्हा करायची. आणि चौथी पुन्हा करणारी पोरगी आमच्या इकडे चौथी पुन्हा करत नाही, घरी बसते. उम्म फथीच्या दोन्ही मुली अशाच बसल्या, शेजारीच, आजही बसल्यात.

जुलैत एके दिवशी तिच्या शाळेतल्या सौसनबाई घरी आल्या. चहा घेतला, तीन चमचे साखरेचा, आणि नगातचा तडा गेलेला फोन मागून घेतला.

"खासगी शिकवणीला घालता येत नसेल तर राहू द्या," त्या म्हणाल्या. "हा एक खेळ घालून देते. फुकट आहे. घरच्या घरी रोज वीस गणितं सोडवायची, दहा बेरजेची, दहा वजाबाकीची. शेवटी किती बरोबर आली ते तोच सांगतो. ह्यात पंधरा यायला लागली की परीक्षेत काळजी नाही."

"कोन सांगतो?" मी विचारलं.

"ससा."

मी नगातकडे बघितलं, नगातनं माझ्याकडे. आमच्या गच्चीवर कबुतरखान्याखाली पिंजऱ्यात सात ससे होते, आणि आमच्या घरी ससा मुलूखियाच्या पातळ भाजीबरोबर ताटात येतो. त्यानं गणित शिकवल्याचं कधी ऐकलं नव्हतं.

बाई गेल्यावर मी अट घातली. माझा हात गेलेला, सहाशे पेट्या डोक्यावर, आणि फेरपरीक्षेला नाव घातलं की रोज सकाळी शाळेत वर्ग. अर्धा दिवस हात कमी. तेव्हा मी म्हटलं, "हे बघ सुंदुस. तीन दिवस ओळीनं पंधरा आन. मी स्वतः जाऊन नाव घालतो. न्हाई आली, तर माझ्याशी वाद घालायचा न्हाई. पेट्या बांधायच्या."

"तीन दिवस पंधरा," ती म्हणाली.

"शब्द?"

"शब्द."

मला वाटलं होतं, येणार नाही. खोटं कशाला बोलू, तशी माझी थोडी इच्छाही होती.

नेट आमच्या घरात येत नाही. शेजारच्या उम्म फथीच्या घरचं थोडं आमच्या गच्चीवर, कबुतरखान्यापाशी सांडतं. त्यामुळे दुपारची नमाज झाली की सुंदुस फोन घेऊन वर जायची आणि मी खाली डाव्या हातानं पानं ओरबाडत बसायचो. वर कबुतरं घुमायची, मधूनच फोनमधून टाळ्या वाजायच्या आणि मधूनच कुणीतरी हुंदके द्यायचं.

"कोन रडतंय?" मी खालून विचारायचो.

"ससा!"

"का?"

"गाजरं संपली त्याची!"

थोड्या वेळानं ती खाली यायची, फोन दोन्ही हातांत ताटासारखा धरून. शेवटचं चित्र मला दाखवायची. एक सोनेरी थाळी, तिच्यावर आकडा. आमच्या अरबी आकड्यांत एक म्हणजे उभी रेघ, पाच म्हणजे गोल आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. एवढं तर बाजारात बसणाऱ्या आंधळ्यालाही कळतं. थाळीवर उभी रेघ होती आणि तिच्या शेजारी गोल.

"पंधरा," सुंदुस म्हणाली.

मी फोन जवळ घेतला, लांब धरला. उभी रेघ. गोल. "पंधरा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही पंधरा. ना एक जास्त, ना एक कमी. तिसऱ्या दिवशी मी नगातला म्हटलं, "एवढं रडून पंधरा कशी येतात गं? पाचच चुकतात म्हणावं तर ससा धा वेळा रडतोय. मी मोजलं खालनं."

"आनंदानं रडत आसंल," नगात म्हणाली. "मी न्हाई रडले सुंदुस झाली तेव्हा?"

"तू रडलीस ती पोरगी झाली म्हणून माझी आई बोलली त्यानं."

"मग रडायला कारण काय एकच आसतं व्हय?"

तिसरी थाळी आली. उभी रेघ, गोल. सुंदुस माझ्यासमोर उभी राहिली. शब्द तो शब्द. मी तिला म्हटलं, जा, एक ससा काढ, आज मुलूखिया करू. ती म्हणाली, "नको बा, ससा नको." मग अंडी खाल्ली.

बुधवारी मी धुतलेला पायघोळ गलाबिया घातला आणि शाळेत गेलो. नाव घालायची मुदत गुरुवारी दुपारपर्यंत होती. फोन छातीच्या खिशात. सौसनबाई त्या दिवशी तालुक्याला गेल्या होत्या. कचेरीत कारकून बस्यूनी होता, पंख्याखाली, आणि बाकावर दोघं-तिघं पालक. त्यात उम्म फथीचा नवराही होता, काहीतरी दाखला न्यायला आलेला.

"सुंदुस शिहाता," मी म्हटलं. "फेरपरीक्षेला नाव घाला. पोरगी आता तयार हाय."

"बघू, बघू. मागच्या वेळी सहा होते ना?"

मी तेवढ्याचीच वाट बघत होतो. डाव्या हातानं फोन काढला, थाळीचं चित्र उघडून त्याच्या टेबलावर ठेवला. "तीन दिवस ओळीनं पंधरा."

बस्यूनीनं चष्मा वर केला, खाली केला. मग तो फोन घेऊन बाकाकडे वळला. "बघा हो, पंधरा दिसतात का कुणाला?"

मला कळेना, यात विचारायचं काय.

"अबू सुंदुस," सुंदुसच्या बापाला गावात म्हणतात तसं तो म्हणाला, "हा आकडा आपला नाही, इंग्रजी आहे. ही उभी रेघ एकच. पण हा गोल म्हणजे त्यांचं शून्य. हे दहा आहेत. वीसपैकी दहा."

"पर गणितं तर आपल्याच आकड्यांत हायत त्यात."

"असतील. आणि थाळी त्यांची आहे. ज्यानं खेळ बनवला त्यानं अर्धा बदलला, अर्धा विसरला. तुम्ही दहाला पंधरा समजून घरी मेजवानी केलीत की काय?"

उम्म फथीचा नवरा हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. त्यानं मला जास्त लागलं. इंग्रजी आकडे मी काही पाहिले नव्हते असं नाही. नोटेच्या पाठीवर असतात, गाडीच्या पाटीवर असतात. पण सगळ्या घरात आपलीच माणसं बसलेली असताना एखादा परका शिरला असेल असं कुणाच्या मनात येतं?

"मग, नाव घालू?" बस्यूनीनं विचारलं. पेन त्यानं उघडलंच नव्हतं.

मी फोन उचलला. "उद्या सांगतो," म्हटलं आणि बाहेर पडलो. ऊन असं होतं की रस्त्यावर गाढवंसुद्धा नव्हती. गलाबिया पाठीला चिकटला होता, अंगठ्यात ठसठस होती, आणि सबंध वाटेनं मी गोल हा शब्द चघळत आलो.

घरी दोघी कामाला बसल्या होत्या. मी आल्या आल्या सांगितलं, "धा. पंधरा न्हाई, धा. त्यांचा गोल म्हंजे शून्य."

सुंदुसनं फोन घेतला, थाळी बघितली. तिचे ओठ हलले. मग तिनं फोन चुलीजवळच्या फळीवर ठेवला, परत बसली आणि खांब पायात धरला. "शब्द पंधराचा व्हता," ती स्वतःच म्हणाली.

नगातनं मोगरी उचलली. घाव त्या संध्याकाळी असे पडत होते की दोन खांब चिरले. जेवताना तिनं भाकरीचा घास मोडून माझ्या तोंडाशी धरला, पण माझ्याकडे बघितलं नाही. पोरीनं फसवलं नव्हतं, मीही फसवलं नव्हतं, सशानं तरी कुठं फसवलं होतं? रागवायचं कुणावर तेच कळत नव्हतं, आणि असा राग पोटात फार वाईट बसतो.

गुरुवारी सकाळी हाज मुतवल्लीचा माणूस पेट्या न्यायला येणार होता. मी खांबांचा ढीग लावत होतो. "सुंदुस, ह्या जुडीत अठरा व्हते. सात चिरलेले निघाले."

"अकरा," तिनं मान वर न करता सांगितलं.

"त्या जुडीत तेवीस. नऊ आखूड."

"चौदा."

मी थांबलो. "पन्नास पेट्यांची चवड. सतरा गेल्या."

"तेहतीस. बा, ती काडी द्या."

मी काडी दिली नाही. खाली बसलो आणि एकामागून एक विचारत सुटलो. पंधरातून आठ, चाळीसातून सव्वीस, बासष्टातून पस्तीस. ती काड्या ओवत होती आणि उत्तरं देत होती, घरात कोण आलं कोण गेलं हे सांगावं तशी. एकही चुकलं नाही. नगातची मोगरी थांबली.

"मग वरती काय व्हतं गं तुला?" मी विचारलं. "धाच कशी येत्यात?"

"बेरजा सगळ्या येत्यात. वजाबाकीला ससा रडतो."

"का?"

"गाजरं संपत्यात म्हणून."

मी फोन उचलला. "चल वर."

तोवर मी एकदाही तिच्या शेजारी बसून तो खेळ बघितला नव्हता. थाळी तेवढी बघितली होती, जशी मुतवल्ली नुसती पेटी बघतो, अंगठा बघत नाही. कबुतरखान्याच्या सावलीत आम्ही दोघं बसलो. नगातही आली, गुडघे धरत. पडद्यावर चष्मा घातलेला ससा, समोर टोपली. बेरीज आली, सुंदुसनं उत्तर दाबलं, टाळ्या. मग वजाबाकी आली. आकडे आमचेच. उजवीकडे तीन, मध्ये रेघ, डावीकडे आठ.

आम्ही उजवीकडून वाचतो. अक्षर असो, गणित असो, शाळा असो, दुकान असो.

"तीनातनं आठ," सुंदुस म्हणाली.

"तीनातनं आठ," मीही म्हटलं. "ह्या सशाला अक्कल हाय का? तीनातनं आठ कुनी देतं का?"

"तेच की. तीन गाजरं हायत, आठ मागितली. काय उरंल? काय बी न्हाई." आणि तिनं टिंब दाबलं, आमचं शून्य. सशाचं तोंड पडलं. त्यानं चष्मा काढला आणि हुंदके द्यायला लागला. "बघा. संपली त्याची."

मला तिचं काही चुकलंय असं वाटेना. दुसरी आली: उजवीकडे चार, डावीकडे नऊ. चारातून नऊ. तिसरी: दोनातून सात. दर वेळी थोड्यातून जास्त मागायचं. मागणाराच वेडा, आणि रडणाराही तोच. माझं डोकं भणभणायला लागलं. मी म्हटलं, फेकून दे तो फोन.

"थांबा," नगात म्हणाली. तिला वाचता येत नाही, आकडे तेवढे कळतात. ती पडद्याकडे मान वाकडी करून बघत होती. "ह्यो माझ्यासारखा हाय."

"कोन?"

"ससा. डावऱ्या हाताचा."

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. मग सुंदुसनं फोन घट्ट धरला. "खांब फिरवायचा!" ती ओरडली. इतक्या मोठ्यानं की वरची कबुतरं उडाली. "बा, ह्यो डाव्या टोकाकडनं येतो! आठातनं तीन!" तिनं गोल दाबला, आमचा गोल, पाच. ससा उठला, चष्मा घातला आणि टोपली डोक्यावर घेऊन नाचायला लागला.

मग ती थांबलीच नाही. मी सशाकडे बघत नव्हतो, तिच्या बोटांकडे बघत होतो. काड्या ओवून ओवून नखांच्या कडा काळ्या पडलेल्या, करंगळीवर जुना चिरा. ही पोर पहिल्या दिवसापासून बरोबर होती. आणि मी तिला काल धुतलेल्या कपड्यांनिशी जाऊन नापास करून आलो होतो. मला तिथंच लाज वाटली, खरी लाज, बस्यूनीसमोर वाटली त्याच्या दुप्पट.

नवा डाव मांडून वीसच्या वीस झाल्यावर थाळी आली. मान मुरगळलेला दोन आणि त्याच्या शेजारी गोल.

"पंचवीस!" नगात म्हणाली.

"वीस," मी म्हटलं. "थाळीवरचा गोल म्हंजे काय बी न्हाई."

"आन् गणितातला?"

"पाच."

"एकाच फोनात?"

"एकाच फोनात."

"या अल्ला," नगात म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

मी तशाच मळक्या कपड्यांनी शाळेकडे पळालो. दुपारची बांग व्हायला थोडा वेळ होता. मुतवल्लीचा माणूस वाटेत भेटला, हाका मारत राहिला, मी हातानंच सांगितलं, घरी जा, पेट्या घरी. बस्यूनी कपाटाला कुलूप घालत होता.

"नाव घाला."

"पंधरा झाले?"

"वीस." मी थाळी दाखवली. त्यानं गोलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ह्या खेपेला हसला नाही. अर्ज पुढे केला. "सही करा. नाहीतर अंगठा."

अंगठ्यावर पट्टी होती आणि त्या बोटांत पेन धरवत नव्हतं. मी पेन डाव्या हातात घेतलं. शिहाता हे माझं नाव लिहायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली, शेवटचं तर चौकटीबाहेर गेलं.

"ही तुमची सही?" बस्यूनीनं विचारलं.

"माझीच. बायकोच्या हातानं केली."

त्याला काही कळलं नाही. कागद मात्र त्यानं ठेवून घेतला.

घरी परत येताना पाण्याच्या पाटापाशी माझे पाय थांबले. शाळेच्या पेपरात ससा नसणार! शाळेचा पेपर उजवीकडूनच येणार, आपल्या बाजूनं. आणि मी पोरीला आत्ताच डावीकडून वाचायला शिकवून आलो होतो.

पुढचा आठवडा मी तिला दोन्ही बाजूंनी विचारत राहिलो आणि तिथंच माझं चुकलं. "ही सशाची. ही शाळेची. आता ही कुनाची?" पहिल्यांदा ती पटकन सांगायची. मग थांबायला लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तर मी तोंडी विचारलं, बारातून पाच, तर ती विचारते, "कुठनं, बा?" बारातून पाचला कुठून काय? नगातनं माझ्या हातातनं खडू काढून घेतला. "पुरे," म्हणाली. "चांगली वाहती मोट तुमी बसून अडवताय." फोन तिनं तांदळाच्या डब्यात टाकला. मी रोज सकाळी पोरीला शाळेपर्यंत सोडायचो आणि दुपारी ती बसेपर्यंत तिच्या वाट्याच्या काड्या डाव्या हातानं सोलून ठेवायचो. पेट्या मागे पडल्या. मुतवल्ली येऊन बोलून गेला. मी ऐकून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी पालकांना फाटकाबाहेर ठेवलं. वर्गाच्या खिडक्या अंगणाच्या पलीकडे, उघड्या. सुंदुस तिसऱ्या खिडकीशी बसली होती. पेपर वाटायला सुरुवात झाली तेव्हा तिनं बाहेर बघितलं, आणि तिच्या कपाळावर तीच आठी होती, कुठनं विचारतानाची.

मी फाटकाच्या गजांना धरून ओरडलो, "सुंदुस! बापाच्या हातानं! आईच्या न्हाई, बापाच्या!"

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. पहारेकरी धावत आला. उम्म फथीचा नवरा तिथंही होता, हा माणूस असतो तरी किती ठिकाणी. सौसनबाई व्हरांड्यात आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. खिडकीतून सुंदुसनं एक हात वर केला.

"कुठला केला?" मी नगातला विचारलं. समोरच्या माणसाचा उजवा डावीकडे येतो का उजवीकडे, हे त्या क्षणी मला कुणी गळ्यावर सुरी ठेवून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

"उजवा."

"नक्की?"

"डावरीला विचारताय?" नगात म्हणाली. पण तिनं माझ्या गलाबियाची बाही घट्ट धरून ठेवली होती.

चार दिवसांनी निकाल लागला. शाळेच्या दारावर एक कागद चिकटवला होता, हातानं लिहिलेला. तिघंही गेलो. पट्टी आदल्या दिवशीच सुटली होती, अंगठ्याला नवी गुलाबी कातडी आली होती. मी गर्दीतून पुढे घुसलो, नावं वाचत खाली आलो. सुंदुस शिहाता. नावापुढे उभी रेघ, आणि गोल.

 मी मागे वळलो. नगातकडे बघून मी मान हलवली. "धा," म्हटलं. "धाच."

नगातनं तोंडावर ओढणी घेतली. मी पोरीला काय सांगायचं ते शोधत होतो. माझंच चुकलं हे सांगायचं होतं, आधी खरबुजाच्या पेट्यांपायी आणि मग ह्या गोलापायी. सुंदुस माझ्या काखेखालून पुढे गेली. कागदासमोर उभी राहिली. मग तिनं माझा उजवा हात ओढून घेतला आणि नव्या कातडीचा अंगठा त्या आकड्यावर टेकवला.

"बा, हितं ससा न्हाई," ती म्हणाली. "ह्यो कागद आपला हाय. आपला गोल."

"आपला गोल म्हंजे किती?"

"पाच, बा. पंधरा."

मी शाळेच्या पायरीवर बसलो. आणखी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तिनं तेच सांगितलं.